बुकर टी. वॉशिंग्टन : शाळेच्या भिंती आणि माणसाचे आयुष्य

रस्त्यावरील दिव्याखाली अभ्यास करून मोठ्या पदाला पोहोचलेल्या मुलाची कथा आपल्या समाजाला फार प्रिय आहे. अशा मुलाचे कौतुक करण्यात गैर काहीच नाही. मात्र या कौतुकात एक सोयही दडलेली असते. मूल जिद्दी असले म्हणजे गळके छप्पर, अपुरे शिक्षक आणि वर्षातून चार महिने चालणारी शाळा यांनी काही बिघडत नाही, असा निष्कर्ष त्यातून नकळत निघतो आणि शाळांच्या दुरवस्थेला जे जबाबदार आहेत त्यांची सुटका होते. अमेरिकेतील कृष्णवर्णीयांचे शिक्षणमहर्षी बुकर टी. वॉशिंग्टन यांचे चरित्र बहुधा याच पद्धतीने सांगितले जाते. गुलाम म्हणून जन्मलेला मुलगा स्वकष्टाने शिकला आणि पुढे राष्ट्राध्यक्षांच्या पंक्तीला बसला, एवढाच त्याचा सारांश काढला जातो. परंतु आपल्यासारखी कथा दुसऱ्या कोणा मुलाच्या वाट्याला येऊ नये, यासाठी या माणसाने आयुष्याची अखेरची वर्षे खर्ची घातली. त्या कामाचे मोल किती होते, याचा हिशेब त्यांच्या मृत्यूनंतर जवळजवळ शंभर वर्षांनी अर्थशास्त्रज्ञांनी मांडला. म्हणूनच हे चरित्र पुन्हा एकदा निराळ्या दृष्टीने पाहणे उपयुक्त ठरेल.

बुकर यांचा जन्म १८५६ मध्ये व्हर्जिनिया राज्याच्या फ्रँकलिन परगण्यातील एका शेतमळ्यावर झाला. आई जेन ही मळ्यावर स्वयंपाकीण होती; वडील कोणी गोरे गृहस्थ होते, यापलीकडे त्यांना वडिलांविषयी कधीच काही कळले नाही. मळ्याचे मालक जेम्स बरोज यांच्या निधनानंतर १८६१ मध्ये त्यांच्या मालमत्तेची यादी करण्यात आली. गुरेढोरे व अवजारे यांच्याबरोबर तीत बुकर नावाच्या पाच वर्षांच्या मुलाचीही नोंद असून त्याची किंमत ४०० डॉलर लावलेली आहे. गुलामांना जमवून लिहावयास-वाचावयास शिकविण्यावर व्हर्जिनियात १८३१ पासून कायद्याने बंदी होती. मालकाच्या मुलीची पुस्तके शाळेच्या दारापर्यंत वाहून न्यावयाची आणि दारातून परत फिरावयाचे, एवढाच या मुलाचा शाळेशी संबंध होता. माणसाची किंमत ठरविणारी व्यवस्था त्याचे शिक्षणही ठरवीत होती.

१८६५ मध्ये यादवी युद्ध संपले, गुलामगिरी संपुष्टात आली आणि हे कुटुंब वेस्ट व्हर्जिनियातील माल्डन या गावी गेले. सावत्र वडील तेथे मिठाच्या भट्टीवर कामाला होते. नऊ-दहा वर्षांचा बुकरही त्याच कामाला जुंपला गेला. सावत्र वडिलांच्या पिंपांवर १८ हा आकडा घातला जाई. बुकरला ओळखू आलेली पहिली लिखित खूण हीच. पुढे गावातील कृष्णवर्णीयांनी पदरचे पैसे जमवून शाळा सुरू केली. शिक्षकाचा पगार पालकांनी द्यावयाचा आणि जेवणाखाणासाठी त्याने पाळीपाळीने घरोघर राहावयाचे, अशी व्यवस्था होती. घरच्या मिळकतीत बुकरच्या मजुरीची भर आवश्यक असल्याने त्याला दिवसाची शाळा सहजासहजी मिळाली नाही. प्रथम रात्रीचे शिक्षण, मग पहाटेपासून नऊपर्यंत भट्टीवर काम आणि नंतर शाळा, अशी तडजोड निघाली. भट्टीचे काम नऊला सुटे आणि शाळाही नऊलाच भरे. मधले अंतर काटण्यासाठी हा मुलगा कचेरीतल्या घड्याळाचा काटा रोज अर्धा तास पुढे सरकवीत असे. काही दिवसांनी हा प्रकार उघडकीस आला आणि घड्याळ कुलूपबंद झाले. पुढे कोळशाच्या खाणीतही त्याला उतरावे लागले.

१८७२ मध्ये सोळा वर्षांचा बुकर हॅम्प्टन येथील शिक्षणसंस्थेत जाण्यासाठी घराबाहेर पडला. अंतर सुमारे ५०० मैलांचे. काही भाग गाडीने, काही भाग पायी असा त्याचा प्रवास झाला. रिचमंड शहरात पैसे संपल्यामुळे लाकडी पदपथाच्या खालच्या पोकळीत त्याने रात्री काढल्या आणि दिवसा जहाजावरचे लोखंड उतरविण्याची मजुरी केली. हॅम्प्टनला पोहोचला तेव्हा खिशात अवघे पन्नास सेंट होते. प्रवेशपरीक्षा म्हणून त्याला एक वर्ग झाडावयास सांगण्यात आले. तो वर्ग त्याने इतका स्वच्छ केला की प्रवेशाबरोबर झाडलोटीची नोकरीही मिळाली. शिक्षणाचे शुल्क एका उदार गृहस्थाने भरले. हॅम्प्टनने त्यांना पुस्तकी विद्या दिली, तशीच नियमित स्नानाची, दात घासण्याची, स्वच्छ अंथरुणावर झोपण्याची सवयही दिली. शाळा ही शरीराच्या निगेचीही जागा असते, हा विचार त्यांच्या मनात येथेच रुजला आणि पुढील सर्व कार्यात टिकून राहिला.

१८८१ मध्ये अलाबामा राज्यातील टस्कीगी या गावी कृष्णवर्णीय शिक्षक तयार करणारी शाळा काढण्याचे ठरले आणि पंचविशीतील वॉशिंग्टन यांची प्रमुख म्हणून निवड झाली. राज्य विधिमंडळाने वर्षाला २,००० डॉलर मंजूर केले होते. पण ते केवळ शिक्षकांच्या पगारासाठी. जमीन नव्हती, इमारत नव्हती, फळा-खडूही नव्हता. एका चर्चच्या आवारातील मोडक्या खोलीत ४ जुलै १८८१ रोजी सुमारे तीस विद्यार्थ्यांनिशी वर्ग सुरू झाले. पाऊस आला म्हणजे एखादा विद्यार्थी उठून शिक्षकाच्या डोक्यावर छत्री धरीत असे. पुढे ५०० डॉलरना ओसाड पडलेला मळा घेण्यात आला. इमारतीसाठी विटा विद्यार्थ्यांनीच भाजावयाच्या असे ठरले. तीन वेळा भट्टी फसली. चौथ्या भट्टीसाठी वॉशिंग्टन यांनी स्वतःचे घड्याळ १५ डॉलरला गहाण टाकले आणि ती भट्टी साधली. एका घड्याळाचा काटा पुढे ढकलून शिक्षणात शिरलेल्या माणसाने दुसरे घड्याळ गहाण ठेवून शाळा उभी केली.

टस्कीगीत पाऊल ठेवल्यावर पहिला महिनाभर त्यांनी आसपासचा ग्रामीण भाग पायाखाली घातला. शेतकऱ्यांच्या झोपडीच्या उंबऱ्यापर्यंत कापूस पेरलेला होता आणि ते पीक उगवण्यापूर्वीच सावकाराकडे गहाण पडलेले होते. शाळा म्हणजे कोठे चर्चचा कोपरा, कोठे ओंडक्यांची खोपटी. हिवाळ्यात शेकोटीची सोय नाही, वर्षातून तीन ते पाच महिने चालली तर चालली. एका ठिकाणी पाच मुले एकाच पुस्तकावरून धडा म्हणताना त्यांना आढळली. दोघांच्या हाती पुस्तक, त्यांच्या मागून दोघे डोकावणारे आणि त्या चौघांच्याही खांद्यांवरून डोकावणारा पाचवा! त्या पाचव्या मुलाला जे अक्षर दिसले असेल, तेवढेच त्याचे प्राथमिक शिक्षण.

ही स्थिती सुधारण्याऐवजी पुढील वीस वर्षांत बिघडत गेली. अलाबामात १८९१ च्या कायद्याने शाळांचा निधी गोऱ्या व कृष्णवर्णीय शाळांत कसा वाटावा हे स्थानिक अधिकाऱ्यांच्या मर्जीवर सोपविण्यात आले. १८९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विभक्त परंतु समान सोयींचे तत्त्व मान्य केले. त्यातील विभक्तता अमलात आली, समानता कागदावर राहिली. १९०१ च्या राज्यघटनेने अलाबामातील बहुसंख्य कृष्णवर्णीयांचा मताधिकार हिरावून घेतला. मत गेल्याबरोबर शाळेच्या अंदाजपत्रकातील वाटाही गेला. कृष्णवर्णीय शिक्षकाला पगार कमी, वर्गात मुले अधिक आणि शाळेचे दिवस थोडे, असा क्रमच पडून गेला.

या परिस्थितीत वॉशिंग्टन यांनी घेतलेली भूमिका वादग्रस्त ठरली, आणि तो वाद आजही मिटलेला नाही. १८९५ मध्ये अटलांटा येथील भाषणात त्यांनी राजकीय व सामाजिक समतेचा आग्रह तूर्त बाजूस ठेवून उद्योग, हस्तकौशल्य व मालमत्ता यांवर भर देण्याचा मार्ग सुचविला. गोऱ्या समाजाने त्यांना डोक्यावर घेतले. १९०१ मध्ये राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी त्यांना भोजनाला बोलावले. डब्ल्यू. ई. बी. डू बॉइस यांनी १९०३ मध्ये या भूमिकेवर कठोर टीका केली. मताधिकार सोडणारा समाज शाळाही टिकवू शकणार नाही, हा त्या टीकेचा गाभा होता. घटनाक्रम पाहता डू बॉइस यांचे म्हणणे खोटे ठरले असे म्हणता येत नाही. मताधिकार काढून घेण्याविरुद्धच्या न्यायालयीन लढ्यांना वॉशिंग्टन गुप्तपणे पैसा पुरवीत होते, हे पुढे त्यांच्या कागदपत्रांतून उघड झाले. उघडपणे नमते घ्यावयाचे आणि आडून झगडावयाचे, हा दुहेरी भार त्यांनी वीस वर्षे वाहिला.

त्यांच्या कार्यातील सर्वांत टिकाऊ भाग मात्र अखेरच्या चार वर्षांतला आहे. १९११ मध्ये शिकागोतील सिअर्स, रोबक या टपालाने माल पुरविणाऱ्या पेढीचे प्रमुख ज्यूलियस रोझेनवाल्ड यांची व त्यांची गाठ पडली. ऑगस्ट १९१२ मध्ये रोझेनवाल्ड यांनी आपल्या पन्नासाव्या वाढदिवसानिमित्त टस्कीगीला २५,००० डॉलर दिले. या देणगीतील काही रक्कम ग्रामीण प्राथमिक शाळा बांधण्यासाठी वापरण्याची कल्पना वॉशिंग्टन यांची. प्रायोगिक म्हणून अलाबामात सहा शाळा उभ्या राहिल्या. पहिली १९१३ मध्ये लोचापोका येथे सुमारे साडेनऊशे डॉलरमध्ये पुरी झाली. १९१४ मध्ये आणखी शंभर शाळांसाठी पैसे मिळाले.

या योजनेचा तपशील पाहण्यासारखा आहे. १९१५ मध्ये टस्कीगीने शाळांच्या बांधणीचे नमुने छापून प्रसिद्ध केले. मॅसॅच्युसेट्स तंत्रविद्या संस्थेचे पहिले कृष्णवर्णीय पदवीधर रॉबर्ट टेलर यांचा त्यांत प्रमुख हात होता. वीज नसलेल्या खेड्यात उजेड हीच पहिली गरज, म्हणून ओळीने मोठ्या खिडक्या. त्या पूर्वेला वा पश्चिमेला. प्रकाश मुलाच्या डाव्या बाजूने यावा, म्हणजे लिहिताना हाताची सावली पाटीवर पडणार नाही. शौचकूप स्वच्छ व अंतरावर. भिंतींचा रंगसुद्धा ठरवून दिलेला. पाच मुलांत एक पुस्तक पाहिलेल्या माणसाने मुलाच्या डोळ्यापर्यंत अक्षर पोहोचण्याची व्यवस्था अशी बारकाईने लावली होती.

पैशाची रचनाही विचारपूर्वक होती. देणगी पूर्ण खर्चाची नसे. गावाने आपला वाटा जमवावयाचा, सरकारी शिक्षण खात्याने उरलेला भार उचलावयाचा आणि शाळा सार्वजनिक मालकीची व्हावयाची, अशी अट होती. कृष्णवर्णीय शेतकऱ्यांनी कोंबड्या विकल्या, शाळेच्या नावाने कापसाचा वेगळा तुकडा पेरला, लाकूड तोडून आणले, अंगमेहनत केली. १९३२ पर्यंत पंधरा राज्यांत ४,९७७ शाळा आणि त्यांना जोडून शिक्षकांची घरे व कार्यशाळा उभ्या राहिल्या. एकूण खर्च सुमारे २ कोटी ८४ लक्ष डॉलर. त्यात रोझेनवाल्ड निधीचे सुमारे ४४ लक्ष, तर कृष्णवर्णीय ग्रामस्थांचे ४७ लक्ष! उरलेला मोठा हिस्सा सार्वजनिक करांतून आला, आणि तो कर कृष्णवर्णीयही भरीतच होते. म्हणजे देशातील सर्वांत गरीब नागरिकांनी हक्काच्या शाळेसाठी दोनदा पैसे मोजले. दात्याचे नाव शाळांना लागले; सर्वांत मोठ्या खाजगी दात्यांची नावे कोणत्याही पाटीवर नाहीत.

हा विस्तार वॉशिंग्टन यांना पाहता आला नाही. १९१५ च्या वसंतात त्यांनी कृष्णवर्णीयांसाठी आरोग्य सप्ताहाची मोहीम सुरू केली. टाळता येण्याजोग्या आजारांमुळे त्यांच्या समाजाचे किती डॉलरचे नुकसान होते, याचे गणित ते सभांतून मांडीत. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये न्यूयॉर्कमध्ये असताना त्यांची स्वतःची प्रकृती ढासळली. अतिरक्तदाबाने शरीर पोखरले होते. अखेरचा श्वास टस्कीगीत घ्यावा या इच्छेने त्यांनी परतीचा प्रवास केला आणि १४ नोव्हेंबर १९१५ रोजी वयाच्या एकोणसाठाव्या वर्षी त्यांचे निधन झाले. तेव्हा टस्कीगीत शंभरावर इमारती आणि सुमारे दीड हजार विद्यार्थी होते. बालपणी भट्टीवर व खाणीत झिजलेले शरीर आणि पुढे अविश्रांत निधिसंकलन व दुहेरी राजकारण यांचा ताण, यांपैकी कशाचा वाटा किती, हे सांगणे वैद्यकाच्याही आवाक्याबाहेरचे आहे. जिद्दीने शिकलेल्या मुलाच्या कथेत ही बाजू मात्र सहसा सांगितली जात नाही.

टस्कीगी ज्या मेकन परगण्यात आहे, तेथेच १९३२ मध्ये अमेरिकेच्या सार्वजनिक आरोग्य सेवेने उपदंशाच्या रोग्यांवर एक प्रयोग सुरू केला आणि तो १९७२ पर्यंत चालविला. सुमारे सहाशे कृष्णवर्णीय पुरुष त्यात गोवले गेले. त्यांपैकी ३९९ रोगग्रस्त होते. त्यांना रोगाचे नाव सांगितले गेले नाही आणि पेनिसिलिन उपलब्ध झाल्यावरही ते दिले गेले नाही. वॉशिंग्टन यांच्या संस्थेचे रुग्णालयही या कामी वापरले गेले. दोष सर्वस्वी प्रयोग करणाऱ्यांचा होता. परंतु त्यांनी हेच लोक निवडले, कारण ते गरीब होते, बहुतेकांना शाळा नावापुरतीच मिळाली होती आणि सरकारी डॉक्टरला प्रश्न विचारण्याचे बळ त्यांना कोणी दिलेले नव्हते. ज्या पिढीच्या वाट्याला तीन महिन्यांची शाळा आली, तिने त्याची किंमत म्हातारपणी आपल्या देहाने चुकविली.

उलट बाजूचा पुरावा अलीकडच्या संशोधनाने दिला आहे. शिकागोच्या फेडरल रिझर्व्ह बँकेतील डॅनियल ॲरनसन व भास्कर मजुमदार या अर्थशास्त्रज्ञांनी २०११ मध्ये रोझेनवाल्ड शाळांचा अभ्यास प्रसिद्ध केला. शाळा सर्वत्र एकाच वर्षी झाल्या नाहीत, म्हणून शाळा लवकर मिळालेले आणि उशिरा मिळालेले परगणे यांची तुलना करता आली. जनगणना आणि सैन्यभरतीच्या चाचण्या यांवरून दिसले ते असे : या शाळा लाभलेल्या ग्रामीण कृष्णवर्णीय मुलांची हजेरी, साक्षरता, शिक्षणाची एकूण वर्षे आणि बुद्धिचाचणीतील गुण यांत लक्षणीय वाढ झाली; आणि सर्वाधिक लाभ सर्वांत मागासलेल्या परगण्यांत झाला. त्याआधी १९९२ मध्ये डेव्हिड कार्ड व ॲलन क्रूगर यांनी दाखवून दिले होते की, १९६० ते १९८० या काळात गोऱ्या व कृष्णवर्णीय पुरुषांच्या कमाईतील जी तफावत कमी झाली, तिच्यापैकी सुमारे पाचवा हिस्सा शाळांचा दर्जा सुधारल्यामुळे कमी झाला. दर्जा मोजला होता तो तीन साध्या गोष्टींनी : एका शिक्षकामागे मुले किती, शाळा वर्षातून किती दिवस आणि शिक्षकाला पगार किती.

पुढे संशोधकांनी हाच धागा आयुर्मानापर्यंत नेला. दक्षिणेतील ज्या कृष्णवर्णीयांना बालपणी अधिक दिवस चालणाऱ्या व बऱ्या शाळा मिळाल्या, त्यांचे आयुष्य लांबल्याचे आढळले. उत्तरेकडील शहरांत स्थलांतर केलेल्यांचे आयुष्य, मिळकत वाढूनही, काहीसे घटल्याचे दुसऱ्या एका अभ्यासात दिसले होते. तेव्हा शाळेचा लाभ हा केवळ चांगल्या पगाराचा परिणाम मानता येत नाही. २०२३ मध्ये कॅलिफोर्नियातील २० हजारांहून अधिक वृद्धांच्या पाहणीत, ज्यांच्या जन्मराज्यातील शाळांचा दर्जा त्यांच्या बालपणी चांगला होता, त्यांना स्मृतिभ्रंशाचा धोका कमी असल्याचे निदर्शनास आले. निकृष्ट शाळांच्या राज्यांत वाढलेल्यांत कृष्णवर्णीयांचे प्रमाण गोऱ्यांपेक्षा कितीतरी अधिक होते. सातव्या वर्षी वर्गात शिक्षक होता की नव्हता, याचा माग सत्तराव्या वर्षीच्या स्मरणशक्तीत लागतो, असाच याचा अर्थ.

अर्थशास्त्राच्या दृष्टीने येथील अडचण उघड आहे. शाळेवरचा खर्च चालू वर्षाच्या खात्यात पडतो आणि त्याचे उत्पन्न साठ वर्षांनी, तेही आरोग्याच्या व वार्धक्याच्या खात्यात जमा होते. अंदाजपत्रक वर्षाचे, विधिमंडळाची मुदत फार तर पाच-सहा वर्षांची आणि मुलाचे आयुष्य सत्तर वर्षांचे. त्यामुळे शिक्षकाची जागा रिकामी ठेवणे किंवा छपराची दुरुस्ती पुढे ढकलणे ही प्रत्येक वेळी काटकसर भासते. ते वस्तुतः कर्जच असते. फरक एवढाच की, ते कर्ज काढणारा एक आणि फेडणारा दुसरा असतो. अलाबामातील अधिकाऱ्यांनी वाचविलेले डॉलर कोणी फेडले, हे आता आपल्याला ठाऊक झाले आहे.

वॉशिंग्टन यांना न्यूयॉर्कमध्ये ज्या सेंट लूक्स रुग्णालयात ठेवले होते, ते कोलंबिया विद्यापीठापासून हाकेच्या अंतरावर होते. त्या दिवसांत बडोदे संस्थानची शिष्यवृत्ती घेऊन गेलेले भीमराव आंबेडकर कोलंबियात अर्थशास्त्र शिकत होते. लहानपणी शाळेत त्यांना वेगळ्या गोणपाटावर बसावे लागले होते आणि वरून कोणी पाणी ओतल्याखेरीज ते पिता येत नव्हते. गोणपाटावर बसून कोलंबियापर्यंत पोहोचलेला विद्यार्थी आणि मिठाच्या भट्टीवरून टस्कीगीपर्यंत पोहोचलेला शिक्षक, दोघांच्याही कथा आपण अभिमानाने सांगतो. त्या गोणपाटावर बसलेल्या आणि कोठेच न पोहोचलेल्या हजारो मुलांची कथा सांगावयास मागे कोणी उरले नाही.

म्हणून वॉशिंग्टन यांचे स्मरण करताना घड्याळाचा काटा सरकविणाऱ्या मुलापाशीच थांबणे पुरेसे नाही. खिडकी कोणत्या दिशेला असावी याचा विचार करणारा वयस्क माणूस अधिक ध्यानात ठेवण्याजोगा आहे. स्वतः अंधारात शिकूनही अंधाराचे गोडवे त्याने गायिले नाहीत. शाळा वर्षातून किती दिवस भरते, एका शिक्षकापुढे किती मुले बसतात आणि पाटीवर उजेड पडतो की नाही, या प्रश्नांना आज जे उत्तर दिले जाईल, तेच आज पहिलीत बसलेल्या मुलाच्या म्हातारपणी त्याच्या वैद्यकीय कागदांवर उमटणार आहे.